सतरावी टाइल

१

सतराव्या क्रमांकाची टाइल पांढरी होती.

आदल्या संध्याकाळी मी ती स्वतः टेबलावर ठेवली होती, तेव्हा ती धुळकट होती. तिच्या आजूबाजूच्या एकोणतीस टाइल्स अजूनही तशाच होत्या. काही राखाडी, काही काजळीसारख्या काळ्या. त्यांच्या ओळीत ही एकच दुकानातून आत्ता आणल्यासारखी दिसत होती.

मी हातातला तराजू खाली ठेवला आणि घड्याळ पाहिलं. अकरा वाजून सात मिनिटं. उद्घाटन पाच वाजता.

रायपूरच्या शंकर नगरातल्या या गॅलरीत अबोलीताईचं प्रदर्शन लागणार होतं. नाव ‘पाळत’. कल्पना साधी होती. सिलतऱ्यात, कच्चं लोखंड बनवणाऱ्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांजवळच्या एका घराच्या छतावर जानेवारीत रोज रात्री एक कोरी पांढरी टाइल ठेवायची आणि सकाळी उचलायची. रात्रभरात तिच्यावर जी धूळ बसेल, ती म्हणजे त्या रात्रीची नोंद. शेजारी एक कॅमेराही रात्रभर चालू. तीस रात्री, तीस टाइल्स, आणि प्रत्येक टाइलच्या मागे एक छोटा स्क्रीन, त्यावर त्याच रात्रीचं छायाचित्रण. अबोलीताईचं म्हणणं असं, की आपण दारावर, गल्लीत, लिफ्टमध्ये कॅमेरे लावतो आणि माणसांवर नजर ठेवतो. धुराड्यांवर नजर कोण ठेवतं?

टाइल्सवर काच नव्हती. तिला ती नको होती. ‘काच लावली का ते नमुने होतात,’ ती म्हणायची. ‘मले घरच्या खिडकीचा कट्टा वाटला पाहिजे.’

यात माझं काम वजनाचं. मी नवा रायपूरमधल्या एका प्रयोगशाळेत काम करते, रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. अबोलीताईनं छत्तीस टाइल्स आणल्या होत्या. त्या सगळ्या मी कोऱ्या असतानाच तोलल्या आणि प्रत्येक टाइल खोक्यातल्या तिच्या खणात ठेवली. मागे नंबर लिहू दिला नाही. पेन्सिलीच्या रेघेलाही वजन असतं, असं मी म्हणाले तेव्हा ती पाच मिनिटं हसत होती.

तीस वापरल्या. उरलेल्या सहापैकी चार तिनं घरी नेल्या. एक गॅलरीच्या संचालक मीनल मॅडमनी चहाच्या कपाखाली ठेवायला मागून घेतली. एक पुष्करला दिली, कॅमेऱ्याचा फोकस बसवायला. कॅमेरे आणि स्क्रीन पुरवणाऱ्या कंपनीचा तो तंत्रज्ञ.

‘अबोलीताई,’ मी हाक मारली. ‘इकडे ये जरा.’

ती आली. टाइलकडे पाहिलं. मग दाराकडे वळून पाहिलं. तिथे हिरालाल उभा होता, गॅलरीचा चौकीदार. खाकी गणवेश, आणि खांद्यावर पिवळं फडकं.

२

ते छत हिरालालचंच होतं. बायकोसह तो सिलतऱ्यात राहतो, पहाटे सायकलनं निघून साडेआठला गॅलरी उघडतो, झाडतो, पुसतो. अबोलीताईची त्याच्याशी ओळख इथेच झाली आणि तिनं छत मागितलं. त्याला हसू आलं होतं. ‘हमारे यहाँ से धूल ले जाओगे, दीदी? जितनी चाहिए ले जाओ.’

मीनल मॅडमनी आपल्या खोलीत सकाळचं छायाचित्रण लावलं. हॉलमध्ये चार कॅमेरे होते. आठ पन्नासला हिरालाल टेबलाच्या डाव्या टोकापासून फडकं फिरवत येताना दिसत होता. सतरा नंबरपाशी थांबला. वाकला. सात सेकंद. पुढे गेला.

‘हे घ्या,’ मीनल मॅडम म्हणाल्या.

‘टाइल दिसत नाही यात,’ मी म्हणाले. ‘मध्ये स्क्रीनची पाठ आहे. नुसता माणूस दिसतो.’

‘माणूसच बघायचा होता ना?’

‘आणि हा मधला काळा भाग? नऊ चाळीस ते दहा?’

‘पुष्करनं लेन्स पुसायला कॅमेरे बंद केले होते. मला विचारून.’ त्यांनी हिरालालकडे पाहिलं. ‘हिरालाल, आपने पोंछा क्या?’

हिरालालनं टोपी काढून हातात घेतली होती. तो बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता.

‘मैडम, मैंने तो किनारा पोंछा था. टेबल का किनारा.’ मग आवाज खाली गेला. ‘पर हाथ का क्या भरोसा. तीस साल से सुबह उठते ही पहला काम यही है. खिड़की, खाट, पानी का ढक्कन. काला दिखा, पोंछ दिया. आँख खुलने से पहले हाथ चल जाता है.’

‘म्हणजे?’ अबोलीताईनं विचारलं.

‘मैंने ही पोंछा होगा, दीदी.’

मीनल मॅडमनी फोन उचलला. चौकीदार पुरवणाऱ्या एजन्सीला त्या लेखी कळवणार होत्या. एजन्सीच्या नोंदीत ‘नुकसान’ असा शेरा लागला की त्या माणसाला रायपुरात कुठल्याच दारावर उभं करत नाहीत, हे हिरालाललाही ठाऊक होतं. त्यानं फडकं घडी घालून टेबलावर ठेवलं. राजीनामा ठेवल्यासारखं.

‘मॅडम, पाचपर्यंत थांबा,’ मी म्हणाले.

‘काहून?’ हे अबोलीताईनं विचारलं.

‘कारण हा कबूल करतो आहे, पण त्याला आठवत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’

मीनल मॅडमनी फोन ठेवला आणि त्या माझ्याकडे वळल्या. ‘पाच. तेव्हा कॅमेरे बघायला ती टाऊनशिपवाली कमिटी येईल. त्यांच्यासमोर मला हा प्रश्न उघडा नको.’

३

मी पांढरी टाइल कडेनं धरून खिडकीपाशी नेली आणि भिंगाखाली पाहिली.

टाइल्स मुद्दाम खरखरीत घेतल्या होत्या, चकाकी नसलेल्या. अशा पृष्ठभागावर लोखंडी धूळ बसली की पुसल्यावरही बारीक खाचांत राहते. शेजारच्या अठराव्या टाइलचा कोपरा अबोलीताईच्या परवानगीनं बोटानं पुसला. डोळ्यांना स्वच्छ वाटला. भिंगाखाली काळे ठिपके होतेच. मग पांढऱ्या कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवला, कागदावर बारीक मिशी उभी राहिली.

सतरावीवर काही नाही. एकही ठिपका नाही. कागद कोरा.

तराजू मी प्रदर्शनातच ठेवायला आणला होता, टेबलाच्या टोकाला. तो सुरू केला, पातळी नीट केली, तीनदा वजन घेतलं. २७१.०८. २७१.०७. २७१.०८.

वही उघडली. सतरावी टाइल कोरी असताना: २६८.४२ ग्रॅम.

‘अबोलीताई, टाइल पुसली तर हलकी होईल का जड?’

‘हलकी. बाई, मी चित्रकार हाओ, पण एवढं समजते.’

‘ही अडीच ग्रॅमहून जास्त जड आहे. ही ती टाइलच नाही. ही कोणी पुसली नाही. ही बदलली आहे.’ मी पान उलटलं. ‘छत्तीसपैकी फक्त एकीचं वजन २७१.०७ आहे. नंबर तेहतीस. तुझ्या उरलेल्या सहांपैकी.’

ती खुर्चीवर बसली. ‘म्हणजे चार तर माह्याच घरी हायेत.’

‘म्हणूनच आधी तुला विचारते. दहाच्या आधी तू कुठे होतीस?’

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वही मिटावीशी वाटली. मिटली नाही.

‘मांडववाल्याशी भांडून राहिली होती, गेटपाशी. हिरालालसमोर. आणि हे कराले मले काय पडलं होतं?’

‘पेपरमध्ये बातमी येईल. धूळ कोणीतरी पुसली. तुझंच प्रदर्शन गाजेल.’

‘पोट्टी लय पोचली,’ ती म्हणाली आणि फोन लावला. ‘आई, त्या पांढऱ्या टाइल्स किती हायेत घरी? मोज.’

तिच्या आईचा, लताकाकूंचा, आवाज मलाही ऐकू आला. भांडी सरकवल्याचा आवाज, मग: ‘चार. एकावर भाताचा कुकर हाये. उचलू का?’

‘नको, राहू दे.’

मीनल मॅडमच्या टेबलावर टाइल होती, कपाखाली, चहाच्या गोल डागासह. पुसून तोलली. २६९.९१. नंबर पस्तीस. त्यांच्याकडे कारण होतं, हे त्या स्वतःच म्हणाल्या. गॅलरीच्या एका विश्वस्तांचा सिलतऱ्यात कारखाना होता आणि त्यांना ही कलाकृतीच नको होती.

‘पण मला काढायचीच असती,’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तर मी तीसच्या तीस काढल्या असत्या. किंवा तेविसावी. सगळ्यात काळी ती आहे.’

त्यांचं बरोबर होतं, आणि तिथेच मी अडकले. उरला पुष्कर. पण पुष्करला धुळीशी काय देणंघेणं? आणि तीस टाइल्समधून ही एकच का?

मी वहीत सतराव्या टाइलची सकाळची नोंद काढली. माझंच अक्षर होतं.

‘धूळ कमी. गोल डाग, १ ते ३ मिमी, कडा तांबूस. दव?’

त्या प्रश्नचिन्हावर मी तेव्हा पुढे काहीच केलं नव्हतं.

४

पुष्कर हॉलच्या कोपऱ्यात शिडीवर बसून वायर गुंडाळत होता. सत्ताविशीचा, मूळचा गोंदियाचा, बोलायला गोड. टाइल बदलल्याचं मी त्याला सांगितलं नाही.

‘सकाळी लेन्स पुसल्या तुम्ही, भैया?’

‘हो ना. इथली धूळ तुम्हाला माहीतच आहे, दीदी. आठ दिवसांत लेन्स आंधळी होते.’

‘हे कॅमेरे लावून किती दिवस झाले?’

‘चार.’ तो हसला. ‘पण आज कमिटी येऊन राहिली ना. साहेबांनी सांगितलं, चकाचक पाहिजे. नवा रायपूरच्या टाऊनशिपमध्ये बाराशे कॅमेरे लागणार. आमचा डेमो म्हणजे हेच प्रदर्शन. तीस रात्री, एक सेकंद सुटला नाही. बोर्डच लावला आहे.’

बोर्ड दाराशीच होता. मी येताना वाचला होता.

शिडीच्या पायरीवर लेन्स पुसायचं मऊ कापड पडलं होतं. त्याच्या एका कोपऱ्यावर डाग होता. काळा नव्हता. विटकरी.

हिरालाल गेटवर स्टुलावर बसला होता. त्याला आत बोलावलं आणि सतरा नंबरच्या स्क्रीनसमोर उभं केलं.

‘काका, ये आपकी छत है ना?’

‘हव,’ त्यानं मान डोलावली.

स्क्रीनवर छत होतं. मधोमध टाइल, मागे पाण्याची टाकी, कोपऱ्यात कॅमेऱ्याच्या दिव्यात उजळलेला कठडा. वर तारीख, सतरा जानेवारी, आणि पुढे सरकणारी वेळ. दोन अकराला कठड्यावरून एक मांजर गेलं. ते त्यानं ओळखलं, शेजारच्यांचं होतं. घरी परत जायला मिळाल्यासारखा तो स्क्रीनकडे बघत होता. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

‘नोनी,’ लेकीला हाक मारावी तसं तो म्हणाला, ‘बड़ी कहाँ है?’

‘कुठली बडी?’

‘रखिया बड़ी. कोहळ्याच्या वड्या.’ माझ्यासाठी तो मराठी शब्द शोधत होता. ‘सतरा तारीख को सुबह डाली थी घरवाली ने. पूरी छत पर, दो साड़ी बिछाकर. शाम तक सूखी नहीं, तो वहीं रहने दी. टाइल रखने को मैंने ही साड़ी थोड़ी सरकाई. यहाँ साड़ी कहाँ है?’

स्क्रीनवर छत मोकळं होतं.

‘तारीख पक्की आठवते?’

‘कैसे भूलूँगा? रात को पानी गिर गया. बेमौसम. घरवाली अँधेरे में दौड़ी, आधी बड़ी बह गई. आठ दिन मुझे सुनाया, कि टाइल उठाने का ध्यान रहता है, बड़ी का नहीं.’

मी वहीतल्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवून उभी होते. दव नव्हतं. पाऊस होता.

शेजारी सोळा नंबरचा स्क्रीन होता. मी वेळ दोन वाजून दहा मिनिटांवर आणली आणि वाट पाहिली.

दोन अकराला कठड्यावरून तेच मांजर गेलं. त्याच ठिकाणी थांबलं, त्याच बाजूला मान वळवली.

५

साडेतीनला मीनल मॅडमच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. दार लावलं होतं. हिरालाल बसायला तयार नव्हता, म्हणून मीही उभीच राहिले.

‘सतरा जानेवारीला रात्री सिलतऱ्यात पाऊस झाला,’ मी म्हणाले. ‘टाइलवर लोखंडी धूळ होती, तिच्यावर थेंब पडले. ओलं लोखंड गंजतं. सकाळी मी टाइल पाहिली तेव्हा गोल तांबूस डाग होते. ते मी लिहिले, पण अर्थ लावला नाही. चूक माझी.’

पावसाचं ऐकून हिरालालनं मान डोलावली.

‘स्क्रीनवर त्या रात्री पाऊस नाही. वड्या नाहीत, साडी नाही. कारण ती सतरावी रात्र नाही. सोळावी आहे, तारीख बदललेली. मांजरानं तरी दोन रात्री त्याच सेकंदाला मान वळवली नसती.’

अबोलीताई पुष्करकडे बघत होती. पुष्कर टेबलावरच्या पेपरवेटकडे.

‘काल संध्याकाळपर्यंत टाइल्स माझ्या खोक्यात होत्या. स्क्रीन आणि टाइल एकमेकांशेजारी पहिल्यांदा आज सकाळी दिसले. स्क्रीनवर कोरडी रात्र आणि समोर पावसाचे डाग. कमिटीतल्या एकाच्याही लक्षात आलं असतं, तर ते “एक सेकंद सुटला नाही” संपलं. म्हणून आधी डाग पुसायचा प्रयत्न झाला. धूळ निघाली, गंज निघाला नाही. त्या कापडावर आहे तो. डाग जाईनात म्हणूनच टाइल बदलावी लागली. नुसती काळी धूळ असती, तर पुसून काम झालं असतं, आणि मग मला हे कधीच कळलं नसतं.’

‘दीदी, टाइल तर कोणाकडेही असू शकते,’ पुष्कर म्हणाला.

‘सहाच होत्या. चार लताकाकूंकडे आहेत. एक या कपाखाली. तुमची दाखवा.’

त्यानं मान वर केली. ‘डब्ब्यातल्या टाइल्स सगळ्या सारख्याच असतात.’

‘तसं वाटतं.’

त्यानं पेपरवेट बाजूला सारला. मग बोलला तो हिंदीत, आणि हिरालालकडे न बघता. त्या रात्री पाणी अडॅप्टरमध्ये गेलं आणि कॅमेरा बंद पडला. सकाळी कळलं. साहेबांना सांगायची हिंमत झाली नाही, आधीच्या महिन्यात अशाच एका चुकीवरून एकाला काढलं होतं. त्यानं आदल्या रात्रीची फाइल घेतली आणि तारीख बदलली. त्या दिवशी छतावर तो गेलाच नव्हता, त्यामुळे वड्यांचं त्याला माहीत नव्हतं. आज सकाळी आल्यावर त्यानं हिरालालला फडकं घेऊन फिरताना पाहिलं, आणि सगळं सोपं वाटलं.

‘मेरी नौकरी चली जाएगी,’ तो शेवटी म्हणाला.

‘मेरी तो सुबह से जा रही थी, भैया,’ हिरालाल म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. पुष्कर उठला, बाहेर गेला आणि स्क्रीनच्या रिकाम्या खोक्यातून, थर्माकोलच्या दोन तुकड्यांमधून, टाइल काढून आणली. धूळ गेली होती. डाग होते. पांढऱ्यावर विटकरी रंगाची बारीक वर्तुळं, काही एकमेकांत मिसळलेली. मी ती तोललीच. २६८.४५.

हिरालालनं ती दोन्ही हातांनी घेतली, मग उजवा हात काढून पाठीमागे धरला.

‘मैंने नहीं पोंछी,’ तो म्हणाला. आम्हाला सांगत नव्हता.

६

मीनल मॅडमचं मत होतं की टाइल जागेवर ठेवावी, सतरावा स्क्रीन बंद करावा आणि बिघाड झाला म्हणावं. कंपनीचं काय ते नंतर बघता येईल.

‘नाही,’ अबोलीताई म्हणाली. ‘स्क्रीन चालू राहील. हाये तसाच.’

‘अगं, ते खोटं आहे.’

‘म्हणूनच तर.’ तिनं टाइल सतराव्या जागेवर ठेवली, आणि खाली काही लिहिलं नाही. लोकांना सांगायचं असतं तर ती निबंध लिहिती, हे तिचं नेहमीचं वाक्य तिनं या वेळी म्हटलं नाही.

चौकीदारांच्या एजन्सीला फोन गेला नाही. हिरालालनं टेबलावरचं फडकं उचलून खांद्यावर टाकलं, आणि मीनल मॅडमनी त्याला गेटवर न पाठवता हॉलमध्ये उभं राहायला सांगितलं. ही त्यांची माफी असावी. दाराशी लावलेला बोर्ड कोणी उतरवला, हे मी पाहिलं नाही. पाच वाजता तो तिथे नव्हता, आणि पुष्करही नव्हता.

कमिटी पाच वाजून दहा मिनिटांनी आली. चार पुरुष आणि एक बाई, भावना मॅडम. त्या केस पिकलेल्या, सावकाश चालणाऱ्या. पुरुष कॅमेऱ्यांकडे बघत पुढे गेले. भावना मॅडम टाइल्सच्या ओळीबरोबर चालत होत्या, प्रत्येक टाइलपाशी तेवढाच वेळ थांबून. मी टेबलाच्या टोकाला तराजूमागे उभी होते आणि मोजत होते. चौदा. पंधरा. सोळा.

सतरापाशी त्या थांबल्या. टाइल पाहिली. स्क्रीन पाहिला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा टाइल पाहिली. स्क्रीनवर मोकळ्या, कोरड्या छतावरून मांजर चाललं होतं.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मी होते, अबोलीताई होती, मीनल मॅडम होत्या. त्यांची नजर गणवेशावर थांबली.

‘भैया, उस रात पानी गिरा था क्या?’

हिरालाल ताठ उभा राहिला.

‘हव,’ तो म्हणाला.